पाठ उघडू नोका

मे महिन्यात भर दुपारी आर्वीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ज्याच्याकडे कूलर आहे तो कूलरपुढे, ज्याच्याकडे नाही तो ओला दुपट्टा तोंडावर घेऊन पडलेला असतो. अशाच एका दुपारी, देवळीहून बदली होऊन आलेला मी, भाड्याच्या खोलीत सामान लावत होतो. खिडकीतून पाहिलं, तर शेजारच्या ओसरीत काळ्या घोंगडीचा एक ढीग बसलेला. ढिगाखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. ढीग मधूनच हलायचा, आतून कुरकुर आवाज यायचा, मग पुन्हा सगळं शांत व्हायचं.

हिवताप, दुसरं काय असणार. मी धावत गेलो. ओसरीच्या टोकाला एक बाई सुपात तुरी पाखडत बसल्या होत्या.

"वहिनी, दवाखान्यात न्यायचं का यांना? मी येतो बरोबर."

त्यांनी सुपावरची नजर काढली नाही. "कायचा दवाखाना जी? अंडं उबवून राह्यले."

मी वाकून घोंगडीचं टोक उचलायला गेलो, तर ढीग आतून किंचाळला, "नोका, नोका! पाठ उघडी हाय!"

परक्या माणसाच्या उघड्या पाठीशी मला काय करायचं होतं? मी टोक सोडलं आणि ओशाळून उभा राहिलो. थोड्या वेळाने घोंगडीतून एक किरकोळ माणूस बाहेर आला, घामाने निथळत, चष्म्यावर वाफ धरलेली. हातात एक काळा डबा होता. उघडी पाठ त्याची नव्हती, त्या डब्याची होती. तो डबा म्हणजे जुना कॅमेरा होता.

"रिकामा निघाला," तो बायकोला म्हणाला. मग मी कोण, कुठला हे काहीही न विचारता माझ्याकडे वळला, "तुमच्याकडं हाय का एखांदा जुना?"

अशी माझी आणि बबनराव घोंगडे यांची ओळख झाली. घोंगडे हे आडनाव खरं आहे. गावात नवा आलेला माणूस ते लोकांनी ठेवलेलं नाव समजे आणि तोंडावर घ्यायला लाजे. बाजारात त्यांचं दोराचं दुकान होतं. बैलाची वेसण, विहिरीचा नाडा, सुतळी, बाजेची नेवार असा सगळा बांधायचा माल. दुकानाच्या मागच्या खोलीत मात्र कॅमेरे. भात्याचे, डब्याचे, वरून खाली पाहायचे, एका डोळ्याचे, दोन डोळ्यांचे. काही चालणारे, काही कधीच न चालणारे. गिऱ्हाईक नाडा मागे, आणि बबनराव हातातलं भिंग मलमलीने पुसत म्हणत, "तुमीच घ्या मोजून."

आता त्या घोंगडीचं सांगतो. जुना कॅमेरा हातात आला की लोक आधी त्याची पाठ उघडून पाहतात. आत कोणाचा अर्धवट राहिलेला रोल असला, तर त्यावर उजेड पडतो आणि सगळं मातीमोल होतं. म्हणून बबनराव प्रत्येक कॅमेरा अंधारात उघडत आणि बोटांनी चाचपून पाहत. आर्वीत मे महिन्यात दुपारी अंधार मिळण्याची एकच जागा, ती म्हणजे काळी घोंगडी. संध्याकाळपर्यंत थांबा, असं मी एकदा सुचवलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा सुचवलं नाही.

"पाठ उघडू नोका" हे त्यांचं पालुपद होतं. एकदा आम्ही एस.टी.ने वर्ध्याला निघालो होतो. मागच्या बाकावरच्या एका पोराच्या हातात त्यांना कॅमेरा दिसला. बबनराव जागेवरून उठून ओरडले, "पाठ उघडू नोका." पोराने ऐकलं नाही, पण पुढच्या दोघी बायकांनी दचकून पदर ओढून घेतले आणि वर्ध्यापर्यंत आमच्याकडे जळजळीत पाहत राहिल्या.

दुसरी सवय प्रश्नाची. कॅमेरा विकायला आलेल्या माणसाला ते किंमत विचारत नसत. आधी विचारत, "शेवटचा फोटो कोनाचा काढला होता?" माणूस गोंधळे. कोणी म्हणे आठवत नाही, कोणी सासऱ्याचं नाव सांगे. बाजार समितीतला एक अडत्या उभ्या उभ्या आला होता, तो बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगत बसला आणि तिकडे त्याचा लिलाव निघून गेला. देवळीच्या एकाने तर आपण एका मोठ्या पुढाऱ्याचा फोटो काढल्याची थाप मारली. बबनरावांनी तीही शांतपणे ऐकून घेतली. थाप मारणाराही काहीतरी आठवूनच मारतो, असं त्यांचं मत होतं.

मी एस.टी.च्या डेपोत कारकून, त्यामुळे आयताच त्यांच्या जाळ्यात सापडलो. माझ्यामार्फत त्यांनी कंडक्टर लोकांना कामाला लावलं. गावोगावी कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत कॅमेरा असेल तर कळवायचं. महिन्या-दोन महिन्यांनी तिकिटाच्या पेटीशेजारी ठेवून एखादा कॅमेरा डेपोत यायचा, आणि कंडक्टर मला सांगायचा, "साहेब, पाठ नाई उघडली बरं."

ते नुसते जमवत नव्हते, वापरतही होते. पण त्यांच्यापुढे फोटोला बसणं म्हणजे शिक्षा. मला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. बबनराव आभाळाकडे पाहून म्हणाले, "ऊन कच्चं हाय." जरा वेळाने पुन्हा पाहिलं, "आता उतरून राह्यलं, पन पिकलं नाई." सीताफळाच्या पाटीपुढे बसावं तसा मी उन्हापुढे बसून राहिलो. ऊन पिकेपर्यंत माझी डेपोतली हजेरी बुडाली. फोटो मात्र असा निघाला, की माझ्या आईने तो देवघराशेजारी लावला. ऑफिसने परत केला, कारण त्यात माझ्यामागे दोराची वेटोळी होती आणि मी साहेबांपेक्षा बरा दिसत होतो.

त्यांच्या बायकोचं, विमलवहिनींचं, या सगळ्याशी उभं वैर. निदान आम्हा सगळ्यांना तसं वाटे. भिंगांना बुरशी लागू नये म्हणून बबनराव ती गच्चीवर धोतर पसरून उन्हात मांडत, नेमकी वहिनींच्या कुरड्यांच्या शेजारी. "एकीकडं माह्या कुरोड्या, एकीकडं यायचे डोये," वहिनी खालून माझ्या बायकोला ओरडून सांगत. "कावया कशाले तोंड लावन, मी कोनाकोनाले हाकलू?"

आणि रोल धुवायचा तो वहिनींच्या रांधणीतच. दार लावून, फटीत चिंध्या कोंबून बबनराव आत. अंधारात घड्याळ कसं दिसणार? म्हणून वहिनी दाराबाहेर बसून आरत्या म्हणत. थंडीत दोन आरत्या झाल्या की रोल धुऊन तयार. उन्हाळ्यात रोल धुवायचं औषध गरम होतं, काम लवकर होतं, म्हणून दीड. आरती अर्ध्यावर तोडून वहिनी दारावर थाप मारत, "झालं, काढा आता तुमचं मढं." शेजारच्या गल्लीतले लोक हे घर फार धार्मिक आहे असं समजत. एकदा एक पाहुणे दाराकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले होते, प्रसादाची वाट पाहत.

वहिनींचं तोंड फटकळ असलं तरी हात सढळ होता. शेजारी कोणी काही मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं होत नसे. अपवाद एकच. रांधणीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर झाकणासकट एक स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, पालथा घातलेला असे. आमच्या मुलाच्या बारशाला खीर करायची होती, तेव्हा माझ्या बायकोने तो मागितला. "तो नाई," वहिनी म्हणाल्या आणि चुलीवरचा त्यांचा रोजचा मोठा गंज घासून दिला. माहेरचा असेल, असं आमच्या घरी ठरलं.

एकदा हिंगणीहून आलेल्या कॅमेऱ्यात रोल सापडला. घोंगडीतून बबनराव बाहेर आले ते नव्या नवरदेवासारखे. "हाय," एवढंच म्हणाले. दीड आरतीनंतर त्यातून एकच धड फोटो निघाला. एका सायकलवर दोन तरुण पोरं, एक पायडल मारतोय, दुसरा मागे बसून हसतोय. पुढच्या सुटीला फोटोच्या दोन प्रती घेऊन आम्ही हिंगणीला गेलो. पानठेल्यावर विचारलं. पानवाल्याने फोटो पाहिला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "यायले एकाच फोटोत बसवलं कोनं?"

ते दोघे सख्खे भाऊ होते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालेलं, एकाच घराच्या मधोमध भिंत घातलेली, आणि गेल्या कित्येक वर्षांत बोलणं नाही. थोरल्याने फोटो बराच वेळ पाहिला. मग भिंतीकडे मान करून विचारलं, "त्याले देल्ला का?" धाकट्याकडे गेलो. त्यानेही पाहिला आणि तेच विचारलं. आम्ही निघालो तोवर भिंतीच्या अलीकडून आवाज आला, "सायकल माही होती." पलीकडून उत्तर आलं, "हो, पन चालवत कोन होतं?" आम्ही बसमध्ये बसेपर्यंत दोघांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता.

"भांडले तरी निदान," बबनराव खुशीत म्हणाले.

बस रिकामीच होती. मी सहज त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "बबनराव, तुमच्या पहिल्या कॅमेऱ्यात शेवटचा फोटो कोणाचा होता?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"पोरगी होती आमाले," ते म्हणाले. "चिमी म्हनत होतो. नुकती चालाले लागली होती. घरात कापूस भरला होता, त्या ढिगावर जाऊन बसली. अर्धी बुडली होती कापसात अन् हासून राह्यली होती. मी बटन दाबलं अन् डब्बा अडकला. म्हटलं, दुरुस्त करू, रोल पुरा करू, मंग धुवू. तवाच तिले ताप आला. त्यातच गेली. त्याच्यावर तो रोल धुवाचा धीरच नाई झाला जी. कोनाड्यात ठेवून देल्ला."

"अजून आहे?"

"एक दिवस दुकानातून घरी आलो तं कोनाडा रिकामा. जुन्या कपड्यावर भांडे देनारी भांडेवाली आली होती. विमलनं माह्या दोन फुलपँटी काढल्या, तिचं एक लुगडं काढलं. गंजाले कमी पडून राह्यलं होतं. तं बंद पडलेला डब्बा वरून टाकला."

मला फळीवरचा तो गंज आठवला.

"तिची काय चूक?" तेच पुढे म्हणाले. "आत रोल हाय हे तिले मालूमच नव्हतं. अजूनबी नाई. तुमी सांगू नोका. घरातल्या गंजाकडं मंग ती कोन्या डोयानं पाहीन?"

"पण इतक्या वर्षांत कोणीतरी तो कॅमेरा उघडला असेल."

"उघडला असन. नसनबी." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "मी लोकायचे अंधारात उघडतो. तं माहाबी कोनीतरी अंधारातच उघडन, असं म्हनाचं अन् पाहाचं. मले भ्या दुसरंच वाटते. कापूस लय पांढरा असते. त्या उजेडात पोरगी दिसन का नाई."

त्या दिवसापासून मला त्या घोंगडीचं हसू आलं नाही. इतर हसत तेव्हा मीही तोंड वाकडं करून हसल्यासारखं करी, कारण न हसलो असतो तर कोणीतरी कारण विचारलं असतं. उन्हाच्या तिरपेत ओसरीतला तो काळा ढीग दिसला की मी खिडकी लोटून घेई. त्यांच्या एवढ्या कॅमेऱ्यांपैकी एकही त्यांना हवा असलेला नव्हता, हे आर्वीत मला एकट्याला माहीत होतं. तसं मला वाटत होतं.

मग दिवस बदलले. रोलऐवजी नुसत्या पडद्यावर फोटो दिसणारे कॅमेरे आले. स्टुडिओवाल्यांनी अंधाऱ्या खोल्या मोडून तिथे झेरॉक्सची यंत्रं मांडली. वर्ध्यात औषध मिळेना, तेव्हा बबनराव ते नागपूरहून मागवू लागले, नंतर तिथेही दुकानदार डोकं खाजवू लागला. जुने कॅमेरे मात्र धो धो येऊ लागले. लोक आपणहून दुकानात आणून टाकत, आणि शेवटचा फोटो कोणाचा हे विचारलं तर "घ्या न बाप्पा, कायले इचारता" म्हणून निघून जात. माझ्या भाच्याने त्यांना त्याचा नवा कॅमेरा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा फिरवला, बोटांनी कडा चाचपल्या.

"याची पाठ कुठी हाय?"

"याला पाठ नसते काका. हवे तेवढे काढा, नको तो पुसून टाका."

"पुसून?" बबनरावांनी तो परत दिला. त्या दिवशी ते दुकान लवकर बंद करून घरी गेले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. दुकानातच, नाडा मोजता मोजता खाली बसले आणि उठले नाहीत. तेरवीला हिंगणीचे दोघे भाऊ आले होते, वेगवेगळ्या बसने. स्वयंपाकाच्या गर्दीत मी फळीकडे पाहिलं. भांडी कमी पडत होती, गावभरातून गोळा केली होती, पण तो गंज तसाच पालथा होता.

उन्हाळ्यात डेपोत एक कंडक्टर आला. तो मधली काही वर्षं दुसऱ्या डेपोत होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. टेबलावर कापडात गुंडाळलेला कॅमेरा ठेवून म्हणाला, "घोंगडेसाहेबाले द्याजा. पाठ नाई उघडली बरं." मला त्याला काही सांगवेना. कॅमेऱ्याचं काय करावं तेही सुचेना. शेवटी दुपारच्या सुटीत घेऊन घरी निघालो आणि वहिनींच्या ओसरीत जाऊन बसलो. त्या तुरी पाखडत होत्या. मी कापड सोडलं. भात्याचा कॅमेरा होता, बबनरावांचा हरवलेला डबा नव्हता. हाताला चाळा म्हणून माझा अंगठा मागच्या खिट्टीवर गेला.

"पाठ उघडू नोका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी हात काढून घेतला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"त्यायनं तुमाले सांगतलं असन."

मी मान खाली घातली. बबनरावांनी सांगू नोका म्हटलं होतं, ते मोडायचं कसं?

"नोका सांगू," त्या म्हणाल्या. "मले मालूम हाय, त्या डब्ब्यात चिमी होती. गंज घेतला त्याच दिवशी समजलं. दुकानातून आले, कोनाड्यात हात घातला, मले इचारलं. मी म्हटलं, देल्ला भांडेवालीले. एक अक्षर बोलले नाई. तसेच बिना चपलेचे स्टँडवर पयत गेलते. अंधार पडल्यावर परत आले, पायाले फोड. मानूस बंद डब्ब्यासाठी असा पयते काय? मी आतमंदी गेली अन् तो गंज फळीवर पालथा घातला. त्यात कधी पानीबी नाई तापवलं मी."

"मग कधी बोलला का नाहीत? सगळा जन्म दोघांनी..."

"बोलली असती तं मले समजावतच बसले असते," वहिनी म्हणाल्या. "तुही काय चूक, तुही काय चूक, करत. मंग शोधलं असतं कोनं?"

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या असतील. पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर काळी घोंगडी होती. माझ्या हातातून त्यांनी कॅमेरा घेतला, ओसरीत बबनरावांच्या जागी बसल्या आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. खालून त्यांचे दोन पाय बाहेर राहिले. टाचांना भेगा पडलेले, जोडव्यांचे पांढरे वळ अजून बोटांवर असलेले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी ओसरीतून उतरून उन्हात उभा राहिलो आणि घोंगडीकडे पाहत होतो. आतून खिट्टी सरकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. आयुष्यात मी इतक्या मनापासून कशाची वाट पाहिली नव्हती, आणि तीही कोणा परक्याच्या रोलची.

"हाय," आतून आवाज आला.

मी ओसरीच्या काठाशी आलो.

"रोल हाय, भाऊजी. अर्धाच भरला हाय." पाठ बंद झाल्याचा टक् असा आवाज आला, पण वहिनी लगेच बाहेर आल्या नाहीत. घोंगडीचा ढीग जरा वेळ हलत राहिला. मग आतूनच त्या म्हणाल्या, "औषध उरलं हाय त्यायचं. धुवाले येते मले, आरत्या माह्याच होत्या न. त्या कंडक्टरले तेवढं इचारून घेजा, शेवटचा फोटो कोनाचा काढला होता."